किसनअण्णांचे कायदे

हाताचा वास घेतल्याशिवाय किसनअण्णांनी मला कधी गोठ्यात घेतलं नाही. मी गावच्या शाळेत मास्तर, चार माणसं वाटेत नमस्कार करायची. पण अण्णा दारात आडवे उभे राहत, माझे दोन्ही पंजे उलटेसुलटे करून हुंगत आणि म्हणत, "तंबाखू. बेकायदा हाय हे. राख घ्या, हात घासा, मंग या."

हैदराबाद राज्यातलं, जालन्यापासून दोन कोसांवरचं आमचं गाव. खरे कायदे कचेरीतून उर्दूत यायचे, ते फारसे कुणाला कळत नसत. अण्णांचे कायदे मात्र सगळ्यांना पाठ होते. धार काढायला उशीर झाला, बेकायदा. गाईपुढचं पाणी शिळं, बेकायदा. गोठ्यात माशी दिसली तर ती माशीसुद्धा बेकायदा.

हे वेड त्यांनी हैदराबादेहून आणलं होतं. एका लग्नाला गेले आणि तिथला सरकारी गोठा पाहून आले. लग्न कुणाचं होतं ते त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. आल्या आल्या त्यांनी गोठ्याला उतार देऊन फरशी घातली, मूत वाहून जायला नाली काढली आणि प्रत्येक गाईचं दूध रोज तोलून कोळशानं भिंतीवर मांडायला लागले. पावसाळ्यात कोवळी हिरवी ज्वारी कापून खड्ड्यात तुडवली, वरून माती लोटली. गाव म्हणालं, अण्णांनी चाऱ्याला मूठमाती दिली. उन्हाळ्यात सगळ्यांची जनावरं वाळका कडबा चघळत होती, तेव्हा अण्णांनी खड्डा उघडला. आंबूस वास सुटला आणि त्यांच्या देवणी गाई त्या चाऱ्यावर तुटून पडल्या. भर वैशाखात त्यांचं दूध टांग्यानं जालन्याच्या मस्तगड वस्तीत जायचं, आणि तिथल्या बायका दुसऱ्या कुणाचं घेत नसत. चार गाईंच्या चौदा झाल्या.

तरी गाव शिकेना, याचा त्यांना संताप. "मास्तर, मी ह्या लोकांना फुकट सांगून राह्यलो, म्हणून किंमत न्हाई."

संताप टोकाला गेला तो बुळकांडीच्या साथीच्या वर्षी. शेजारच्या गावात जनावरं हगवणीनं पटापट मरायला लागली. अण्णा जालन्याहून सालोत्र्याला, म्हणजे गुरांच्या सरकारी डॉक्टरला, लस टोचायला घेऊन आले. आधी आपल्या चौदा गाई टोचून घेतल्या, मग त्याला घेऊन दारोदार फिरले. सगळ्यात जास्त घसा कोरडा केला तो गावाच्या दुसऱ्या टोकाला, दगडूबाकडे.

"टोचलं की गाय आटते," दगडूबा म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"समदेच म्हणतेत."

"माझ्या टोचल्या. उद्या येऊन धार बघ."

"तुमच्या गाई शिकलेल्या हाईत, अण्णा. आमच्या अडाणी. त्यांना न्हाई सोसायचं."

जमलेले लोक हसले. अण्णा तणतणत घरी आले.

पंधरा दिवसांत दगडूबाची गाय गेली, पाठोपाठ म्हैस गेली. घरात चार महिन्यांची नात. तिची आई बाळंतपणातच वारलेली, आणि त्या गाईच्या दुधावर पोर वाढत होती.

मला वाटलं, अण्णा आता चावडीवर उभे राहून सगळ्यांना ऐकवणार. ऐकवलंच त्यांनी, पण हातात कुदळ घेऊन, दगडूबाच्या गोठ्यात. "ही जमीन हाय का उकिरडा? हवा यायला एक झरोका न्हाई. गुरं बांधत होतास का कोंडत होतास?" असं बडबडत त्यांनी वीतभर माती खणून बाहेर काढली, जुना चारा जाळला, चुना पसरला. आठ दिवस हे चाललं. तेवढे दिवस पोरीला दूध अण्णांकडून गेलं, आणि दुधाबरोबर दगडूबाला शिव्या. नवव्या दिवशी सकाळी ते चंद्रीला वासरासकट घेऊन आले.

चंद्री म्हणजे त्यांची सगळ्यात दुधाळ गाय. तिची आई वितानाच दगावली होती, तेव्हा अण्णांनी तिला बोटानं दूध चाटवून वाढवलं होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरात बोलायला म्हणून जे होतं ते गोठ्यातच.

दगडूबा म्हणाला, "अण्णा, एखादी साधी द्यायची. ही कशाला?"

"साधी दोन-चार महिन्यांत आटंल. ही आत्ताच व्यालीय, पोरीला वर्षभर पुरंल," अण्णा डाफरले. "आन् हिला सकाळी गुळाचा खडा लागतो. न्हाई दिला तर पान्हा सोडत न्हाई. बराबर ध्यानात ठेव."

दावं त्याच्या हातात देऊन ते निघाले. मी सोबत होतो. मागून चंद्री हंबरली. अण्णा थांबले नाहीत, वळले नाहीत, नुसती पावलं जल्दी पडायला लागली. ती पुन्हा हंबरली.

"मास्तर," ते समोर बघत म्हणाले, "बोला कायतरी. शाळेचं, कशाचंबी. जरा मोठ्यानं बोला."