खारओहोळ तलावावरील ताजी पक्षीनोंद

पाणी असेल तिथे पक्षी येतो, हा निसर्गाचा नियम. पक्षी असेल तिथे पाणी येतं, हा शासनाचा. दोन्ही नियम आपापल्या जागी थोर आहेत. पण त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात पहिला बंद पडला आणि दुसरा चालू राहिला. यावरून थोरला कोण, ते उघड आहे.

श्रीगोंदा तालुक्यातलं खारओहोळ हे गाव तलावाकाठी वसलेलं आहे. तलाव पाणपक्ष्यांसाठी राखीव. दुष्काळात तो आटला, तळाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या आणि पक्षी कुठलाही अर्ज न करता निघून गेले. (पक्ष्यांच्या नावावर सातबारा नसतो, म्हणून त्यांना हे जमतं.)

माणसं मागे राहिली. त्यांनी टँकर मागितला. तो नामंजूर झाला, आणि अगदी रीतसर झाला. ज्या गावाला विहीर आहे त्या गावाला टँकर देता येत नाही. खारओहोळला विहीर आहे. तिच्यात पाणी असावं अशी अट नाही, नुसती विहीर असावी एवढीच आहे. नियम करणाऱ्यांनी जनतेवर जादा अटी लादल्या नाहीत, याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत.

पक्ष्यांची गोष्ट वेगळी. राखीव तलाव आटला तर पक्ष्यांसाठी त्यात पाणी ओतावं, अशी तरतूद होती. पक्ष्यांची स्वतःची विहीर आहे का, हे विचारायचं कलम घालायला कोणीतरी विसरलं होतं. मात्र पक्षी दिसल्याचं पक्षीरक्षकाने दर आठवड्याला कळवायला हवं. आणि पक्षीरक्षक यशया भिंगारदिवे हा खोटं न बोलणारा निघाला. (सरकारी भरतीत अशा चुका होतात.)

गाव त्याच्याकडे गेलं. पुढे मनकर्णाबाई. वय सत्तरीच्या पुढं, आवाज पंचविशीतला.

"येशा, लिव की दोन करकोचे."

"दिसल्याबिगर कसं लिवू, आत्या?"

"मग काय दिसतंय तुला?"

"तुमीच दिसताय."

"मग मलाच लिव."

यशया विचारात पडला. "पन आत्या, तुमाला उडता कुठं येतंय?"

"आनखी आठ दिस पानी न्हाई आलं, तर उडंल की म्हातारी. तू बघत ऱ्हा वर."

मुद्दा बिनतोड होता. यशयाने दिसलं तेच कळवलं: 'तलावात एक. मान लांब, पाय काटकुळे, रंग करडा. पहाटेपासून ओल शोधत हिंडते. आवाज कर्कश, पार वेशीपर्यंत जातो.' खात्याने लगेच ओळखलं. करकोचाच, आणि तोही दुर्मिळ.

पुढच्या आठवड्यात जोड्या दिसल्या. मग पिल्लं. सरपंच आप्पासाहेब निम्मा काळ नगरला असतात, म्हणून ते स्थलांतरित ठरले.

टँकर आला. ड्रायव्हर गहिनीनाथ हुकमाचा पक्का.

"मानसाच्या हंड्यात न्हाई वतनार. तळ्यात वतायचा हुकूम हाय. नोकरी जाईल माझी."

"आरं, हंडा ठिवलाय कुठं ते तर बघ!" मनकर्णाबाई म्हणाली.

सगळे हंडे तळ्यात ओळीने मांडलेले होते. तळ्यात जे आहे ते तळंच. गहिनीनाथाचं समाधान झालं आणि एक थेंबही भेगांत गेला नाही.

एवढी संख्या वाढल्यावर तपासणी येणारच. जिल्ह्याचे साहेब जीपमधून आले. बरोबर नगरच्या सावेडी भागात नवे बंगले बांधलेली हौशी मंडळी, गळ्यात दुर्बिणी. साहेबांनी बांधावरून दुर्बीण लावली. खाली अख्खं गाव हंडे घेऊन बसलेलं.

"भिंगारदिवे, ही माणसं आहेत!"

बायकांनी हंडे पोटाशी धरले. साहेबांनी हेच कागदावर म्हटलं असतं, तर टँकर उद्यापासून बंद.

"व्हय साहेब," यशया म्हणाला. "पन हळू बोला. बुजतात."

पक्षी नसतील तर तलाव राखीव नाही, तलाव राखीव नसेल तर साहेबांचं पद नाही आणि पद नसेल तर जीप नाही. त्यांनी दुर्बीण पुसून पुन्हा लावली. या वेळी स्पष्ट दिसलं.

"सुंदर थवा आहे," ते कुजबुजले.

"अय्या, पिल्लं बघा!" एक बाई म्हणाल्या आणि त्यांनी बिस्किटं भिरकावली. ती वरच्या वर झेलली गेली. ही जात माणसाच्या हातून खाते, असा नवा शोध त्या दिवशी लागला.

महिन्याभरात हुकूम आला. पक्ष्यांना माणसांचा उपद्रव होऊ नये म्हणून गावठाणही राखीव करण्यात येत आहे. सर्व माणसांनी गाव सोडावं. पक्ष्यांचा टँकर चालू राहील.

ग्रामसभा भरली. आप्पासाहेबांनी विचारलं, "मानूस म्हनून कुनाला ऱ्हायचंय? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. हात होते कुणाला?

गावात एकही माणूस नाही, हा ठराव एकमताने मंजूर झाला. (अपवाद: मतदानाचा दिवस. त्या दिवशी पक्षीही माणसांत धरले जातात.)

आता टँकर नेमाने येतो. मनकर्णाबाई बांधावरच्या पाहुण्यांना बघून कधी कधी एका पायावर उभी राहते. सक्ती नाही, पण पाहुणे लांबून आलेले असतात. तुम्हीही जरूर जा. गाडी लांब लावा, भडक कपडे घालू नका, आणि कोणी तुमच्याशी बोलायला लागलं तर ती त्यांची साद समजा.

खारओहोळपासून दोन कोसांवर आणखी एक गाव आहे. तिथे टँकर येत नाही, कारण तिथली माणसं अजून माणसंच आहेत. त्याबद्दल गेल्या अंकात याच पानावर सविस्तर छापलं होतं. तुम्हाला आठवणार नाही. त्याच्या मथळ्यात पक्षी नव्हते.