पर्वताला कामं होती

वकीलसाहेब शाळेच्या सभागृहात मागच्या दाराने शिरले ते मुलीला नाटकातून काढायलाच. गणिताच्या चाचणीत ती सपशेल आपटली होती आणि सकाळी चहा पितापिताच त्यांनी निकाल दिला होता, "आजपासून नाटक बंद."

"बाबा, पण..." मुलगी म्हणाली होती.

वकीलसाहेबांच्या घरात कुणाचं वाक्य पूर्ण होण्याचा रिवाज नव्हता. मुलीची बाजू त्यांनी स्वतःच मांडली, स्वतःच खोडून काढली आणि पेला खाली ठेवून ते उठले. मुलीला घरात सगळे चिऊ म्हणत, कारण आवाज तेवढाच होता. आजच नाटकाचा प्रयोग आहे, एवढंच तिला सांगायचं होतं. पण ते त्या 'पण'च्या पुढे होतं.

त्यामुळे तालीम चालू असेल, मुलीचा हात धरावा आणि निघावं, अशा बेतानं ते आत आले आणि पहिल्याच पावलाला कशात तरी अडखळले. तोल सावरायला त्यांनी भिंतीतला हूक धरला. हूक त्यांच्या हातात आला. हुकाला बांधलेला दोर सुटला आणि वर कुठंतरी काहीतरी प्रचंड मोठं सरसरत खाली यायला लागलं.

"धरा! धरा!" कुणीतरी दबक्या आवाजात ओरडलं.

वकीलसाहेबांनी झडप घालून दोर पकडला. वरची सरसर थांबली. अंगभर रंगाचे डाग असलेले एक गृहस्थ धावत आले. ते चित्रकलेचे सर होते.

"वाचलो! अहो, पर्वत पडत होता आमचा."

"हे पाहा, मी..."

"हलू नका. बोलूही नका. मी हातोडी घेऊन आलोच," असं म्हणून सर अंधारात नाहीसे झाले.

वकीलसाहेबांनी मान वर केली. दोर छताजवळच्या कप्पीवरून जात होता आणि त्याला एक अवाढव्य रंगवलेलं कापड टांगलेलं होतं. मागून बघताना नुसते करडे-जांभळे फराटे दिसत होते. याला पर्वत म्हणतात? दोर सोडून सरळ चालू पडावं असं त्यांच्या मनात आलं, तेवढ्यात कापडाच्या पलीकडे ढोल घुमला, बासरी सुरू झाली आणि टाळ्या पडल्या. टाळ्यांवरून तरी सभागृह खच्चून भरलेलं होतं. कापडाला बारीक भोक होतं, त्याला डोळा लावून त्यांनी पाहिलं आणि दोर आणखी घट्ट धरला. पहिल्याच रांगेत मुख्याध्यापिका बसल्या होत्या.

रंगमंचावर तहानलेलं गाव होतं. मुलं कोरडे घडे घेऊन गात होती, आणि घड्यांवर बोटं आपटून त्यांनी असा काही ठेका धरला होता की वकीलसाहेबांचा पाय आपोआप हलायला लागला. त्यांनी तो दटावून थांबवला. मग निळी वस्त्रं नेसलेली नदी आली. आपल्याला गावाकडं जायचंय, पण वाटेत पर्वत उभा आहे, असं ती सांगू लागली. नदी म्हणजे चिऊ होती.

चित्रकलेचे सर रिकाम्या हातानं परत आले. "हातोडी सापडत नाहीये," ते कानाशी कुजबुजले. "शेवटापर्यंत धरा ना एवढं."

"पर्वता," पलीकडून नदी म्हणाली, "मला वाट दे!"

"शक्यच नाही!" वकीलसाहेब सरांवर खेकसले. "मला कामं आहेत!"

ढगांच्या गडगडाटासाठी पत्रा वाजवायचा होता, म्हणून कापडामागे एक माईक टांगलेला होता. तो नेमका त्यांच्या नाकासमोर होता आणि चालू होता. 'मला कामं आहेत' हे शब्द चारी भिंतींवर आदळून परत आले.

नाटकात पर्वताला बोलायचंच नव्हतं. बासरीवाली मुलगी श्वास घ्यायला विसरली. विंगेत नाटकाच्या बाईंनी कपाळावर हात मारला. नदी जागच्या जागी थिजली. तो आवाज तिनं जन्मल्यापासून ऐकला होता.

भोकातून वकीलसाहेबांना तिचा चेहरा दिसत होता. आता ही रडणार, त्यांना वाटलं. पण चिऊनं मान वर केली आणि कमरेवर हात ठेवले.

"कसली कामं?" ती म्हणाली. "जन्मभर एका जागी तर उभा आहेस!"

सभागृहात हास्याचा स्फोट झाला. ढोलवाला मुलगाही हुशार होता, त्यानं लगेच एक थाप देऊन जागा भरली.

"हा माईक चालू आहे की काय?" पर्वतानं घाबरून विचारलं. तेही सगळ्यांनी ऐकलं.

"पर्वता!" हशा ओसरेपर्यंत नदी थांबली. नेमकं किती थांबायचं, हे तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. "तू नेहमी मध्येच बोलतोस. आज माझं बोलणं पुरं होईपर्यंत गप्प राहा."

आणि ती बोलायला लागली. शब्द बाईंनी लिहिलेले होते, पण आवाज तिचा होता. तो आधी जरा कापला, मग बासरीच्या सुरावर चढला आणि पार शेवटच्या रांगेपर्यंत गेला. डोंगराच्या पोटातल्या काळोखात अडकून पडण्याबद्दल ती बोलत होती, वाहता न येण्याबद्दल बोलत होती. न्यायालयात मोठमोठ्यांच्या मुद्द्यांची पिसं काढणारे वकीलसाहेब कान टवकारून ऐकत राहिले. हरकत घ्यावी असं त्यांना एकदाही वाटलं नाही.

"केवढी शिकलीय पोरगी," सर माईकपासून लांब उभे राहून हळूच म्हणाले. "या पर्वताचं लहान चित्र होतं नुसतं. ते एवढं मोठं कसं करायचं, ते गुणोत्तर मांडून तिनंच काढलं. गणितात बरी दिसते."

वकीलसाहेबांनी पुन्हा भोकाला डोळा लावला.

"वाट दे, पर्वता!" नदी म्हणाली.

इथं पर्वतानं कोसळायचं होतं. सरांनी "सोडा" अशी खूण केली. पण वकीलसाहेबांचं तिकडं लक्षच नव्हतं.

"वाट दे ना!" नदीनं पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा ती इतक्या आर्जवानं म्हणाली की गावकरी झालेल्या मुलांचेही डोळे भरून आले. सरांनी वकीलसाहेबांना कोपरानं ढोसलं. त्यांनी दचकून दोर सोडला.

पर्वत सरसरत खाली बसला. त्याच्या जागी काळा कोट घातलेला, डोळ्यांत पाणी आलेला एक माणूस हात वर करून उभा होता. क्षणभर कुणालाच काही समजेना. मग नदी हसली. मागच्या मुलींसह निळ्या वस्त्राची लाट घेऊन ती त्या माणसाच्या दोन्ही अंगांनी वाहत गावाकडं गेली. वकीलसाहेबांनी प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला. दुसरं काय करायचं, ते त्यांना सुचलं नाही. अख्खं सभागृह उभं राहिलं.

प्रयोग संपल्यावर मुख्याध्यापिका स्वतः आत आल्या. "पर्वताचं काम फारच नैसर्गिक झालं हं," त्या म्हणाल्या. "कधीपासून तालीम करत होता?"

वकीलसाहेब उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच चिऊ म्हणाली, "मला आठवतंय तेव्हापासून."

गाडीत ती मागं न बसता पुढं बसली.

"बाबा, पुढच्या वेळी जरा सावकाश बोला. तुम्ही शब्द खाता. आणि समोरच्याचं वाक्य संपलं की मनात एक मात्रा मोजायची, मगच आपलं सुरू करायचं. बाई सांगतात तसं."

वकीलसाहेबांनी मनात एक मात्रा मोजली. मग म्हणाले, "बरं."

घरी आई दारातच उभी होती. डाग पडलेला कोट, दोरानं सोललेले तळवे, लाल झालेले डोळे असा नवऱ्याचा एकंदर अवतार पाहून ती घाबरली.

"अगं बाई! काय झालं शाळेत?"

वकीलसाहेबांनी श्वास घेतला. सांगण्यासारखं बरंच होतं, मुद्देही तयार होते. त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या मुलीकडं पाहिलं आणि श्वास सोडून दिला.

"चिऊ सांगेल," ते म्हणाले.

आईनं पुढं होऊन आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.