सासूबाईंना दाखवायचा टीव्ही

बुंगोमा गावच्या लुस्वेतीने नवा टीव्ही घेतला तो स्वतःला बघायला. आणि खरं सांगायचं तर, सासूबाईंना दाखवायला.

त्याचं झालं असं. लेक नासांबूच्या शाळेचं गाण्याचं पथक लांब न्येरी शहरात स्पर्धेला गेलं, तेव्हा हा बापही सोबत गेला. कॅमेरा म्हणे चांगला दोनदा त्याच्या तोंडावरून फिरला. रविवारी दुपारी तो कार्यक्रम दाखवणार होते.

"लग्नाला पंधरा वर्षं झाली, तुझी आई मला माणसात धरत नाही," तो बायकोला, नामारोमेला म्हणाला. "आता बघू दे. मोठ्या पडद्यावर, लख्ख!"

रविवारी सासूबाई आल्या. येताना टीव्हीला भेट म्हणून लोकरीचा पांढरा जाळीदार रुमाल घेऊन आल्या. (टीव्ही उघडानागडा ठेवणाऱ्यांतलं ते घराणं नव्हे.) रुमाल त्यांनी स्वतः वरून असा घातला, की दोन्ही बाजूंची झालर पार तळाशी वळून आली.

टीव्ही लावला, तर चित्र काळोखं. बातम्या देणारी बाई विहिरीच्या तळातून बोलत होती जणू.

लुस्वेती शिडी लावून पत्र्यावर चढला. (जुन्या टीव्हीला हाच एक इलाज लागू पडायचा.)

"आता?" अँटेना फिरवून तो ओरडला.

"अंधार!" नामारोमे खिडकीतून म्हणाली.

"आणि आता?"

"आता तिरका अंधार!"

आतून सासूबाईंचा आवाज आला, "मी आले की हे छपरावरच का जातात गं?"

खाली उतरून त्याने टीव्हीबरोबरचं पुस्तक चाळलं. टीव्हीच्या तळाशी एक बारीक डोळा असतो. खोलीत उजेड कमी वाटला की तो चित्र मंद करतो. नेमकी त्याच डोळ्यावर झालर!

"तो रुमाल काढ," तो कुजबुजला.

"चार महिने विणलाय आईने. तुम्हीच काढा."

काढणार कसा? त्यांच्यातली रीतच अशी, की सासूसमोर जावयाने मान वर करायची नाही, तिच्या जवळ बसायचं नाही. तिने घातलेलं पांघरूण तिच्यादेखत ओढायचं म्हणजे सोयरीकच मोडायची. शेवटी त्याने बॅटरी आणली, टीव्हीच्या कडेला जमिनीवर आडवा झाला आणि झालरीखालून झोत त्या डोळ्यात सोडला. चित्र असं उजळलं, की सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई!" मग हळूच, "यांचं काही हरवलंय का गं खाली?"

"नाही आई. चित्र धरून ठेवलंय त्यांनी."

कार्यक्रम सुरू झाला. नासांबू गायली. लुस्वेतीला तिथून फक्त टेबलाचे पाय दिसत होते.

"मी आलो का?" त्याने खालूनच विचारलं.

"आलात," नामारोमे म्हणाली.

"स्पष्ट?"

"फारच. मागच्या दाढेची कीडसुद्धा दिसली."

(लेक गात होती आणि बाप मान मागे टाकून, आ वासून झोपला होता.)

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा शेजारच्या बाईच्या खांद्यावर होतात."

तेव्हा पंधरा वर्षांत पहिल्यांदाच सासूबाई थेट त्याच्याशी बोलल्या. अगदी मायेने.

"जावईबापू, आडवे झालाच आहात, तर ती बॅटरी विझवा. उजेडात झोप लागायची नाही."