गरम टायरची हवा मोजू नये

मी तपासणीला मेलो तरी जाणार नाही, असं सकाळी सातला वहिनीला ठणकावून सांगितलं आणि साडेसातला तिच्या मागोमाग दवाखान्यात निघालो. (माझा निर्धार साधारण अर्धा तास टिकतो.) करणार काय, टायरच्या दुकानाची किल्ली तिच्याकडे होती.

दुकान दादाचं. तो जाऊन त्रेचाळीस दिवस झाले. एकेचाळिसाव्या वर्षी, टायर काढता काढता खाली बसला तो उठलाच नाही. आता दुकान मीच उघडणार, दुसरं कोण आहे?

"आधी तपासणी, मग किल्ली," वहिनी म्हणाली.

"दादा जन्मात कधी डॉक्टरकडे गेला नाही!"

"म्हणूनच म्हणतेय."

मी तेच वाक्य पुन्हा, आवाज वाढवून म्हटलं.

दवाखान्याचा जिना मी दोन-दोन पायऱ्या गाळत चढलो. धडधाकट माणूस कसा असतो ते दिसू दे सगळ्यांना! वर पोचतोय तोच सिस्टरने दंडाला बीपीचा पट्टा बांधला.

"एकशे अठ्ठावन्न, अठ्ठ्याण्णव."

"बघ वहिनी, भरपूर आहे!" (हवा कमी भरली तर गिऱ्हाईक भांडतं. जास्त भरली म्हणून कोणी भांडल्याचं मला आठवत नाही.)

"भरपूर नकोय," सिस्टर म्हणाली. "एकशेवीस-ऐंशीच्या खाली हवं."

"एकशेवीस आम्ही ट्रकच्या टायरला भरतो! मी काय ट्रकपेक्षा कमी आहे?"

"तुम्ही पळत आलात, वर बोलताय. पाठ टेका, पाय जमिनीवर ठेवा आणि पाच मिनिटं गप्प बसा. मग परत मोजू."

मी तावातावाने उठलो आणि दादा आठवला. पळून आलेल्या गाडीची हवा तो मोजूच द्यायचा नाही. "टायर गरम आहे, आकडा खोटा येईल. गार होऊ दे." हे विसरलो म्हणून मी त्याच्या किती टपल्या खाल्ल्यात. स्वतः मात्र कधी पाच मिनिटं बसला नाही, बेटा.

मी बसलो. सिस्टर म्हणाली म्हणून नव्हे. दादा म्हणायचा म्हणून.

"एकशे शेहेचाळीस, ब्याण्णव. अजून जास्तच आहे."

उपाशीपोटीची साखर चौऱ्याण्णव निघाली. शंभराच्या आत, म्हणजे उत्तम. मी लगेच कॉलर ताठ केली. तेवढ्यात तिने टेप काढली. मी पोट आत ओढलं.

"श्वास सोडा."

सोडला. पोटही सुटलं. अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर!

"पुरुषाची कंबर नव्वदच्या आत हवी."

"तुमची टेप आखडलीय!"

"बीपी एका दिवसावरून ठरत नाही," तिने माझ्याऐवजी वहिनीला सांगितलं. "आठवडाभर रोज मोजा आणि आकडे डॉक्टरांना दाखवा."

"नाही मोजणार!" मी जाहीर केलं. "तुमची मशीनच बिघडलीय!"

वहिनीने वाटेतच नवी मशीन विकत घेतली. घरी पोचल्यावर मी पाणी प्यायला आत गेलो. बाहेर आलो तर ती पाठमोरी बसून मशीनकडे बघत होती. मी तिच्या खांद्यावरून आकडा वाचला. एकशे अठरा, शहात्तर!

"बघ! म्हटलं नव्हतं? त्या सिस्टरला आत्ताच्या आत्ता फोन लाव! म्हणावं, असा असतो धडधाकट माणूस! काढ किल्ली!"

वहिनी सावकाश माझ्याकडे वळली.

"भाऊजी," ती म्हणाली, "पट्टा माझ्या दंडाला आहे."