बस थांबलीच पाहिजे!

मंडळी, एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. अन्याय दिसला की मी गप्प बसत नाही! बायको म्हणते, "अन्याय दिसायला आधी चष्मा लावा." त्या दिवशीही तिने दारातून हाक मारली, "अहो, चष्मा राहिला!"

"चौदा वर्षं तीच बस पकडतोय, डोळे मिटून पकडीन!" मी ठणकावलं आणि निघालो.

घाईच होती. महिन्यात दोन लेटमार्क झाले होते. तिसरा पडला की एक रजा कापतात, आणि माझी एकुलती एक रजा मी लेकीच्या शर्यतीसाठी राखून ठेवली होती. मागची दोन वर्षं तिची शर्यत माझ्याकडून हुकली होती. यंदा तिने माझ्या हातावर हात ठेवून वचन घेतलं होतं.

बस आली. तोच निळा रंग, तोच धूर. चढलो, बसलो. शेजारच्या मावशींनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"नवीन लागलात का?"

"नवीन? चौदा वर्षं झाली!"

"अगंबाई! कधी दिसला नाहीत!"

"मी पुढे बसतो," मी म्हणालो.

कंडक्टरचा पत्ता नव्हता. तिकिटाचे सुटे पैसे मुठीत घामेजले. तेवढ्यात माझ्या ऑफिससमोरचा चौक आला, मी दारात जाऊन उभा राहिलो, आणि बस सुसाट पुढे!

"अहो ड्रायव्हर! चौक गेला!"

"इथे थांबा नाही."

"नाही म्हणजे? काल होता!"

"कालही नव्हता. खाली बसा!"

खाली बसा? मला? माझं डोकंच फिरलं. मी सगळ्या बसकडे तोंड करून गरजलो, "तुम्ही हे सहन कसं करता? चौकात बस थांबलीच पाहिजे!"

लगेच मावशी उठल्या. "अगदी खरं बोलले! आम्ही आठजणी चौकातच राहतो. रोज वीस मिनिटं उलटं चालत येऊन बस धरतो, आणि मग ही बस आमच्याच दारावरून जाते! सात वर्षं अर्ज देतोय!"

"थांबलीच पाहिजे!" मागून कोणीतरी ओरडलं. मग सगळेच ओरडायला लागले. मला तर भरून आलं! ऑफिसात माझ्या सांगण्यावरून आजवर कुणी साधी खिडकी लावली नव्हती.

बस एका मोठ्या फाटकातून आत शिरली. वरची पाटी मला धूसर दिसली. डेपो असणार! बरंच झालं, थेट मॅनेजरलाच धरू. "मागणी मान्य होईपर्यंत कोणी उतरायचं नाही!" मी हुकूम सोडला. एक माणूस हलला नाही.

दहा मिनिटांत मॅनेजर धावत आला. "पुढारी कोण तुमचा?"

चाळीस बोटं माझ्याकडे.

"कुठल्या खात्यातले तुम्ही?"

"पाणीपुरवठा!" मी छाती काढून म्हणालो.

"आमच्याकडे पाणीपुरवठा खातं नाही. इथे बिस्किटं होतात."

तरीच मघापासून एवढा खमंग वास येत होता! मला दरदरून घाम फुटला. पण चाळीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, त्यात मावशीही होत्या. आता माघार घेणार तरी कशी?

"बिस्किटं करा नाहीतर विमानं करा! चौकात थांबा हवा म्हणजे हवा!"

मॅनेजरने घड्याळ पाहिलं. आत भट्ट्या पेटलेल्या, बाहेर कामगार बसमध्ये. त्याने तिथेच कागद काढून खरडलं: उद्यापासून बस चौकात थांबेल. आणि हे गृहस्थ पुन्हा या बसमध्ये चढणार नाहीत. मी ऐटीत सही ठोकली. ती मॅनेजरच्या जागेवर पडली, हे नंतर कळलं.

ऑफिसात पोहोचलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. लेटमार्क तिसरा, रजा साफ! पण वचन म्हणजे वचन. "बिनपगारी करा, नाहीतर काय वाटेल ते करा, मी जाणारच!" असं मी हेडक्लार्कना तोंडावर सुनावलं. म्हणजे, ते चहाला गेल्यावर सुनावलं. पण शर्यतीच्या दिवशी गेलोच!

मैदानावर सहा मुली सज्ज होत्या. तिसरी मी लगेच ओळखली. तीच वेणी, तीच लाल रिबन! "पळ बाळा, पळ!" मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. आणि ती पहिली आली! मी शेजारच्या गृहस्थांना कडकडून मिठी मारली. "माझी लेक!"

"माझी आहे," ते म्हणाले.

मागून कोणीतरी माझा शर्ट ओढला. "बाबा, माझी शर्यत आता आहे. आवाज उरलाय ना?"

"उरलाय म्हणजे काय!" असं म्हणायला तोंड उघडलं, तर घशातून नुसती हवा! लेकीचा चेहरा एवढासा झाला. मलाच माझी लाज वाटली. बायकोने पर्समधून चष्मा काढला आणि माझ्या नाकावर बसवला.

मग मी दोन्ही हात हलवत धावपट्टीच्या कडेने लेकीबरोबर धावत सुटलो. ती हसत हसत चौथी आली. पंचांनी पाचवी लिहिली!

मी तडक त्यांच्या टेबलाकडे निघालो. बायको मागून "अहो, जाऊ द्या!" म्हणत होती. जाऊ कसं देणार? घशात आवाज नव्हता, पण या खेपेला अन्याय मी चष्मा लावून पाहिला होता!