बिनधुराचे लग्न

लग्नात सर्वाधिक प्रदूषण पाहुण्यांमुळे होते, हे सत्य समाजाने अद्याप मोकळ्या मनाने स्वीकारलेले नाही. वधूपित्याने मात्र ते स्वीकारले. वजनमापे खात्यात तीस वर्षे लोकांचे तराजू तपासून निवृत्त झालेले हे गृहस्थ. मुलगी एवढेच म्हणाली, "बाबा, माझं लग्न पर्यावरणपूरक हवं," आणि त्यांनी कपाटातून फूटपट्टी काढली.

रोषणाई, छापील पत्रिका आणि नवरदेवाची गाडी पहिल्याच दिवशी रद्द झाली. (नवरदेव सायकलवर येणार होता. वाट उताराची असल्याने त्याची हरकत नव्हती.) उरले पाहुणे. प्रत्येकाने धूर-तक्ता भरायचा: अंतर, वाहन, सामानासह वजन, ताटात टाकण्याची सवय. चाळीसच्या आत गुण असतील तरच प्रवेश. शेजारचे शिंपीकाका चालत येणार, म्हणून दोन. मामा मोठी गाडी एकट्यासाठी आणणार, म्हणून अडतीस. (सोबत कुत्राही बसेल, असे लिहून दिल्यावर एकतीस.) सारे कसे शिस्तीत चालले होते.

मग आत्याचा तक्ता आला. ही वधूपित्याची थोरली बहीण. मुलीची आई गेल्यावर तिला लहानाचे मोठे हिनेच केले. दोन दिवसांचा रेल्वेप्रवास तिच्या गुडघ्यांना झेपणारा नव्हता, म्हणजे विमान आले. गुण चारशे बारा. त्यांनी तीनदा बेरीज केली. नकारपत्रावर सही करताना सवयीने 'तुझा धाकटा' लिहिले गेले, म्हणून ती दोनदा करावी लागली.

आत्याचा फोन आला. "अरे, तुला कडेवर घेऊन शाळेत सोडायचे, तेव्हा माझ्यातून किती धूर निघायचा रे?"

तक्त्यात यासाठी रकाना नव्हता.

"आत्या नसेल तर लग्नच नको," मुलगी म्हणाली. "तेच सगळ्यात पर्यावरणपूरक."

तर्क बिनचूक होता, म्हणून वधूपिता अधिकच घाबरले. त्यांनी तातडीने उपनियम केला: जो पाहुणा येणार नाही, त्याचे गुण आत्याच्या गुणांतून वजा होतील. महिनाभर लोकांच्या विनवण्या कराव्या लागतील, या हिशेबाने पाण्याचा तांब्या घेऊनच ते फोनपाशी बसले.

वीस मिनिटांत यादी संपली. "माझे दोन्ही घ्या," शिंपीकाका वाक्य पुरे होण्याआधीच म्हणाले. "पृथ्वीचा विचार करायलाच हवा," म्हणत मामांनी स्वतःबरोबर कुत्र्याचेही सोडले. दोघांनी तर हीच सोय पुढच्या कार्याला मिळेल का, असे विचारून घेतले. वधूपित्याला फार वाईट वाटले. निदान एकाने तरी आढेवेढे घ्यायला हवे होते.

लग्न झाले. वराचे आईवडील तेवढे लाजेखातर आले. रिकाम्या खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत आत्या बसली आणि सगळ्यांच्या वाटचे एकटीच रडली.

उपनियमाची प्रत कोणालाही मिळेल. येत्या महिन्यातले एखादे लग्न डोळ्यांसमोर आणून तुम्ही हात पुढे केलाच असेल. अवश्य घ्या. फक्त तुमच्या घरी कार्य निघेल तेव्हा ती फाडून टाका. तुमची यादी वीस मिनिटेही टिकणार नाही.