जब्बारभाईंची हरकत

आमचे शेजारी जब्बारभाई शिंपी. त्यांच्या तोंडून "हरकत नाही" हे मी कधी ऐकलं नव्हतं. चहा घेता का विचारलं तर "चालंल." पंखा बंद करू का, तर "करा." पण हरकत नाही असं म्हणायचे नाहीत. "एकदा म्हटलं की म्हटलं. उद्या नगरपरिषदेनं धरून ठेवलं तर?"

नगरपरिषद पेपरात नोटीस देते. कुणाचं कॉम्प्लेक्स असो, रस्ता रुंद व्हायचा असो, खाली ओळ ठरलेली : हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत. मी चौथी शिकलेला, आडतीवर पोती उचलून म्हातारा झालो. मला वाटायचं, छापायची म्हणून छापतात. जब्बारभाई ती ओळ लग्नपत्रिकेसारखी वाचतात. "मागवल्यात ना त्यांनी? मग न दिलेलं बरं दिसतं का?"

शिलाईचं दुकान कधीच बंद झालं, पण गळ्यातली टेप राहिली. ती घेऊन जागेवर जाणार, मोजणार, अर्ज लिहिणार, शिक्का मारून पोच आणणार. चौकातल्या एका कॉम्प्लेक्सबद्दल त्यांनी लिहिलं होतं, "इमारत बोळाला काखेत दाटते." सगळं ऑफिस हसलं. इमारत झाली. आता त्या बोळातनं जाताना माझं कोपर खरचटतं.

त्यांची सगळ्यात जुनी हरकत आमच्यावर. माझ्या बायकोनं, शांतानं, दारात ओटा बांधून घेतला. जब्बारभाईंनी मोजला. "सोळा इंच रस्त्यात." दिला अर्ज.

शांता ऐकून घेणारी नव्हती. ओट्यावर ज्वारी निवडत बसलेली असायची. भाई दिसले की म्हणायची, "या, मोजा. रात्रीतनं वाढला आसंल."

"भाभी, कायदा म्हंजे कायदा."

"व्हय, आन् चहा म्हंजे चहा. बसा."

"कुठं बसू?"

"त्या सोळा इंचावर."

बसायचे नाहीत. अतिक्रमणावर बसलं तर अर्जाची ताकद जाते म्हणे. उभ्यानंच चहा प्यायचे. अशी अकरा वर्षं गेली. अर्जाचं काही झालं नाही.

यंदा शांता गेली. छातीत कळ आली, दवाखान्यात नेईस्तोवर संपलं. त्यावर मला जास्त लिहिता येत नाही. सवयीनं चहा दोन कप होतो, एक ओतून देतो.

दोन महिन्यांनी नगरपरिषदेची माणसं आली. रस्ता सिमेंटचा व्हायचा म्हणून जुने अर्ज वर निघाले होते. साहेब म्हणाला, "बाबा, ओटा काढावा लागंल. तक्रार हाय."

तिच्या बसायच्या जागेची फरशी घासून गुळगुळीत झालीय. मी तिथंच बसलो होतो. म्हणालो, "काढा. पण आधी मला उचला."

तेवढ्यात जब्बारभाई टेप घेऊन आले. "सरका, गणपतराव." मोजला. परत मोजला. साहेबाला म्हणाले, "माझी चूक झाली व्हती. बरोबर हाय ओटा."

साहेबानं स्वतःची टेप लावली. "चाचा, सोळाच भरतंय की."

भाईंनी आपली टेप तिसऱ्यांदा लावली.

साहेब हसला. "हे बघा, रस्ता बसतोय इथं. तक्रार नसंल तर आमालाबी सोळा इंचाची हौस न्हाय. पण लेखी पायजे."

भाईंनी ओट्यावर कागद ठेवला आणि लई वेळ लावून लिहिलं : सदर ओट्यास माझी हरकत नाही. खाली सही.

माणसं गेली. मी विचारलं, "असं कसं केलं भाई?"

"एवढे अर्ज दिले, गणपतराव. शिक्का मिळाला, उत्तर न्हाय. भाभी तेवढी उत्तर द्यायची." टेप गुंडाळत म्हणाले, "घरी तरी कोण हाय बोलायला."

मी चहा आणला, दोन कप. भाई पहिल्यांदा बसले. तिची जागा सोडून, कडेच्या सोळा इंचावर. एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर कमी हाय."

मी म्हणालो, "लेखी द्या."